हौसेचा तलाव आणि खालचं शिवार



गेल्या आठवड्यात मुळशीकडं बहिणीच्या गावी गेलो होतो. तिच्या शेताच्या वरच्या अंगाला एका फार्महाऊसवाल्यानं ओढा आडवून मातीचा बांध घातलाय. पाव्हण्यांना होडीत फिरवायला, गळ टाकून बसायला. उंची असेल वीस-पंचवीस फूट. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला जाळी ठोकलीय, आणि जाळीत गेल्या पावसाळ्याचा पालापाचोळा तसाच अडकलाय. दाजी म्हणाले, "केवढंसं पाणी ते, काय होतंय?" मला काही रात्री झोप लागली नाही. कारण अशाच जाळीपायी एक अख्खं गाव गेलेलं आहे. पण आधी आपल्या इथलं सांगतो.

आम्ही खराडीचे, मुळा-मुठेच्या काठचे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा माझा जन्म नव्हता, पण घरात त्या दिवसाची गोष्ट सांगितली नाही असा पावसाळा गेला नाही. पानशेत मातीचं धरण, आंबी नदीवरचं. पहिल्यांदाच भरत होतं. पाणी सोडायच्या मोरीचं काम अपुरं, आणि पाणी चढत चाललेलं. मोरीच्या वरचा भराव खचायला लागला. आदल्या रात्री जवानांनी माथ्यावर वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण गेलं. ते पाणी खडकवासल्यावर आलं आणि दुपारी तेही फुटलं. खडकवासला तर दगडी. नदीकाठचं पुणं वाहून गेलं.

दगडी बांध आणि मातीचा बांध यातला फरक ध्यानात घ्या. आमच्या वरच्या अंगाला बंडगार्डनचा बंधारा आहे, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५० च्या सुमारास झालेला. दरसाल पूर त्याच्या डोक्यावरून जातो, कारण तो त्यासाठीच बांधलाय. मातीच्या बांधाला ते सोसत नाही. माथ्यावरून वीतभर पाणी वाहायला लागलं की ते मागची माती कातरत जातं, आणि मग तासांचाच प्रश्न उरतो. म्हणून मातीच्या धरणाचा जीव सांडव्यात असतो.

आता त्या जाळीची गोष्ट. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात साऊथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, ७२ फूट उंच. सरकारनं कालव्याला पाणी द्यायला बांधलं. पुढं रेल्वे आली, कालवा निकामी झाला, धरण विकलं गेलं. मधल्या एका मालकानं तळातले लोखंडी पाइप काढून भंगारात विकले. म्हणजे पाणी कमी करायची वाटच बंद. नंतर १८७९ च्या सुमारास ते बड्या कारखानदारांच्या मासेमारी-शिकारीच्या क्लबनं घेतलं. कार्नेगीसारखे लोक सभासद. त्यांनी जुनं भगदाड माती, गवत, काटक्या घालून बुजवलं. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा छाटून रुंद केला. त्यात बांध मधोमध बसका झालेला. आणि मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या ठोकल्या.

खालच्या जॉन्सटाऊन गावातल्या लोखंडाच्या कारखान्यानं आपला माणूस पाठवून धरण बघून घेतलं. मोरी नाही, दुरुस्ती कच्ची आहे, असं त्यानं सांगितलं. क्लबनं उत्तर दिलं की तुम्हाला काही धोका नाही. ३१ मे १८८९ ला मोठा पाऊस झाला, जाळ्या काडीकचऱ्यानं तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेलं. २२०९ माणसं मेली. क्लबकडून कोर्टातून कुणाला भरपाई मिळाली नाही. हौस वरच्याची, मरण खालच्याचं.

आणि हे काही परदेशातच किंवा जुन्या काळातच घडतं असं नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसच्या वर माणसं गेली. ते धरण सरकारी, लहान, मातीचं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. नंतर मंत्र्यांनी खेकड्यांकडं बोट दाखवलं आणि राज्यभर हसू झालं. खेकडे बीळ करतात हे खरंच आहे. पण बीळ बघायला वर्षातून दोनदा बांधावर माणूस फिरला पाहिजे, आणि तो खेकड्याचा दोष नाही.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वरच्या धरणांना लागतो, १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. आपल्या शेजारचा वीस फुटी बांध त्यात बसत नाही. तेव्हा डोळे आपलेच.

बघायचं काय? सांडवा मोकळा आहे का. माथा सरळ रेषेत आहे का, का मधे बसलाय. मागच्या उतारावर ओल कुठं आहे. पाझर थोडा असतोच, पण स्वच्छ पाणी असेल तर नुसती नजर ठेवा; गढूळ आलं तर आतली माती वाहतेय, खालची माणसं ताबडतोब हलवा. बांधावर झाडं वाढू देऊ नका, मुळं कुजली की पाण्याला आयती नळी मिळते. मोरीचा व्हॉल्व वर्षातून एकदा फिरवून बघा. आणि घाबरून तलाव एका दिवसात उपसू नका. पाणी झटकन उतरलं की आतला ओला उतार ढासळतो.

दाजींना घेऊन मी फार्महाऊसच्या राखणदाराला भेटलो. बिचारा म्हणाला, "मालकाला सांगतो." मालक पुण्यात असतो. मग दाजींनी ग्रामपंचायतीत आणि तहसीलला फोटोसकट लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तोंडी सांगितलेलं पुरात वाहून जातं, पोच राहते.

जाळी अजून तिथंच आहे. पाऊस महिन्यावर आलाय. तुमच्या शिवाराच्या वर कुणाचा हौसेचा तलाव असेल तर या आठवड्यात एक चक्कर मारा.