बोलिव्हिया

बोलिव्हिया (अधिकृत नाव: बोलिव्हियाचे बहुराष्ट्रीय राज्य) हा दक्षिण अमेरिका खंडाच्या मध्यभागातील एक भूपरिवेष्टित देश आहे. त्याच्या उत्तरेस व पूर्वेस ब्राझील, आग्नेयेस पेराग्वे, दक्षिणेस अर्जेंटिना, नैर्ऋत्येस चिली आणि पश्चिमेस पेरू हे देश आहेत. देशाचे क्षेत्रफळ १०,९८,५८१ चौ. किमी असून २०२४ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी १३ लाख आहे. सुक्रे ही संवैधानिक राजधानी असली तरी शासन व विधिमंडळाचे कामकाज ला पाझ येथून चालते. सांता क्रुझ दे ला सिएरा हे सर्वांत मोठे शहर आहे. बोलिव्हियानो हे राष्ट्रीय चलन आहे. स्वातंत्र्यलढ्याचा नेता सिमोन बॉलिव्हार याच्यावरून देशाला हे नाव मिळाले.

भूगोल

बोलिव्हियाचे तीन प्रमुख नैसर्गिक विभाग पडतात. पश्चिमेस अँडीज पर्वताच्या दोन रांगांमध्ये आल्तिप्लानो हे सरासरी सुमारे ३,७५० मीटर उंचीचे विस्तीर्ण पठार आहे. पश्चिमेकडील रांगेतील साहामा (६,५४२ मी.) हे देशातील सर्वोच्च शिखर होय. पठाराच्या उत्तरेस, पेरूच्या सीमेवर, ३,८१२ मीटर उंचीवर तितिकाका सरोवर आहे. दक्षिणेकडील उयुनीचे मीठक्षेत्र १०,००० चौ. किमीहून अधिक प्रदेशावर पसरले असून ते जगातील सर्वांत मोठे आहे.

दुसरा विभाग अँडीजच्या पूर्व उतारांचा. त्यात युंगास ही दाट अरण्यांची दमट पट्टी आणि कोचाबांबा, सुक्रे व तारिहा परिसरातील समशीतोष्ण हवामानाची खोरी येतात. तिसरा विभाग पूर्वेकडील सखल मैदानांचा असून देशाचा निम्म्याहून अधिक भूभाग त्याने व्यापला आहे. उत्तरेस ॲमेझॉनची वर्षावने, मध्यभागी पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी गवताळ मैदाने, तर आग्नेयेस चाको हा कोरडा झुडपी प्रदेश आहे. बेनी, मामोरे व माद्रे दे दिओस या नद्यांचे पाणी मादेइरा नदीमार्गे ॲमेझॉनला मिळते. पिल्कोमायो ही दक्षिणेकडील नदी पेराग्वे नदीच्या खोऱ्यात वाहते.

तापमानवाढीचे परिणाम येथे ठळकपणे दिसतात. ला पाझजवळील चाकाल्ताया ही हिमनदी २००९ पर्यंत पूर्णपणे नष्ट झाली. एकेकाळी देशातील दुसऱ्या क्रमांकाचे असलेले पोओपो सरोवर २०१५ मध्ये जवळजवळ कोरडे पडले. त्यामागे अवर्षण, बाष्पीभवन आणि पाण्याचा शेती व खाणींकडे वळवलेला प्रवाह अशी एकत्रित कारणे मानली जातात. सरोवरावर मासेमारी करून जगणाऱ्या उरू समाजाच्या कुटुंबांना त्यामुळे उपजीविकेसाठी अन्यत्र जावे लागले.

इतिहास

तितिकाका सरोवराच्या काठी इंका साम्राज्यापूर्वी तिवानाकू ही संस्कृती नांदत होती. सोळाव्या शतकात हा प्रदेश स्पेनच्या ताब्यात गेला. १५४५ मध्ये पोतोसी येथील सेर्रो रिको या डोंगरात चांदीचे प्रचंड साठे सापडले. ‘मिता’ या सक्तीच्या श्रमपद्धतीखाली हजारो स्थानिकांना तेथील खाणींत राबवण्यात आले व त्यांपैकी अनेकांचा मृत्यू झाला. ६ ऑगस्ट १८२५ रोजी देश स्वतंत्र झाला.

स्वातंत्र्यानंतर देशाचा विस्तार सातत्याने आक्रसत गेला. १८७९ मध्ये सुरू झालेल्या पॅसिफिक युद्धात चिलीने बोलिव्हियाचा संपूर्ण किनारा जिंकला. १९०३ मध्ये रबराने समृद्ध असलेला आक्रे प्रांत ब्राझीलकडे गेला आणि १९३२–३५ च्या युद्धानंतर चाकोचा मोठा भाग पेराग्वेला मिळाला. १९५२ च्या क्रांतीने सार्वत्रिक मताधिकार दिला व मोठ्या कथिल खाणींचे राष्ट्रीयीकरण केले. पुढील वर्षी जमीन सुधारणा झाल्या. १९६४ ते १९८२ या काळात बहुतांशी लष्करी राजवटी होत्या.

शासनव्यवस्था

२००९ मध्ये लागू झालेल्या संविधानाने देशाला ‘बहुराष्ट्रीय राज्य’ घोषित केले. एकाच राज्यात अनेक मूलनिवासी राष्ट्रे नांदतात, ही त्यामागील भूमिका आहे. राष्ट्राध्यक्ष हा राष्ट्रप्रमुख व शासनप्रमुख असून त्याची निवड पाच वर्षांसाठी थेट मतदानाने होते. विधिमंडळात १३० सदस्यांचे प्रतिनिधिगृह आणि ३६ सदस्यांचे सेनेट अशी दोन सभागृहे आहेत. सर्वोच्च न्यायालय सुक्रे येथे आहे. उच्च न्यायसंस्थांतील न्यायाधीशांची निवडही जनतेच्या मतदानाने होते. ही पद्धत २०११ मध्ये प्रथम अमलात आली.

शासनाची ठिकाणे विभागली जाण्याचे मूळ १८९८–९९ च्या यादवी युद्धात आहे. त्यात ला पाझचा उदारमतवादी पक्ष विजयी झाला आणि शासन त्या शहरात गेले. न्यायसंस्था मात्र सुक्रे येथेच राहिली.

देशाचे ला पाझ, ओरुरो, पोतोसी, कोचाबांबा, चुकिसाका, तारिहा, सांता क्रुझ, बेनी व पांदो असे नऊ विभाग आहेत. प्रत्येक विभागातून चार सेनेट सदस्य निवडले जातात.

डिसेंबर २००५ च्या निवडणुकीत आयमारा समाजातील एव्हो मोरालेस विजयी झाले. ते देशाचे पहिले मूलनिवासी राष्ट्राध्यक्ष मानले जातात. २०१६ च्या सार्वमतात मतदारांनी त्यांच्या पुढील उमेदवारीस नकार दिला. तथापि न्यायालयाने ती मान्य केली. २०१९ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर त्यांनी राजीनामा दिला. २०२० मध्ये त्यांच्याच पक्षाचे लुईस आर्से निवडून आले. २०२५ मध्ये मतदानाची दुसरी फेरी प्रथमच घ्यावी लागली व तीत रोद्रिगो पाझ विजयी झाले.

लोकजीवन

संविधानाने स्पॅनिशसह ३६ मूलनिवासी भाषांना अधिकृत दर्जा दिला आहे. त्यांपैकी केचुआ, आयमारा व ग्वारानी या प्रमुख होत. २०१२ च्या जनगणनेत ४० टक्क्यांहून अधिक प्रौढांनी आपण मूलनिवासी समाजाचे असल्याचे नोंदवले. मिश्रवंशीयांची संख्याही मोठी आहे. युंगास भागात आफ्रिकी वंशाचे, तर सांता क्रुझ विभागात जपानी वंशाचे व मेनोनाइट पंथीय समाज आढळतात.

बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक आहेत; तथापि ‘पाचामामा’ म्हणजे भूमातेची उपासना अनेक घरांत ख्रिस्ती आचारांसोबतच चालते. ओरुरो येथील कार्निव्हलमध्ये या दोन्ही परंपरांचा मिलाफ दिसतो.

अर्थव्यवस्था

चांदी, त्यानंतर कथिल आणि पुढे नैसर्गिक वायू अशा एकेका खनिज उत्पादनावर देशाची अर्थव्यवस्था दीर्घकाळ अवलंबून राहिली. १९८५ मध्ये कथिलाचे जागतिक बाजारभाव कोसळले व हजारो खाणकामगार बेकार झाले. त्यांपैकी अनेकांनी एल आल्तो शहरात किंवा कोका पिकवणाऱ्या भागात स्थलांतर केले. २००६ मध्ये नैसर्गिक वायू उद्योग राज्याच्या नियंत्रणाखाली आणण्यात आला आणि त्या उत्पन्नातून दारिद्र्य लक्षणीय प्रमाणात घटले. परंतु नवे साठे पुरेसे न सापडल्याने उत्पादन घटत गेले. परिणामी परकीय चलनाची चणचण निर्माण होऊन आयात इंधनाचाही तुटवडा भासू लागला.

सोयाबीन, जस्त व सोने यांची निर्यात होते. भारतही बोलिव्हियाकडून सोने आयात करतो. उयुनीच्या मिठाखालील क्षारद्रवात लिथियमचे अतिशय मोठे साठे आहेत. मात्र त्यातील मॅग्नेशियमचे अधिक प्रमाण, पाण्याची गरज आणि नफ्यातील वाट्यावरून होणारे राजकीय वाद यांमुळे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन रखडले आहे.

पायाभूत सुविधा

समुद्रकिनारा नसल्यामुळे परदेशी व्यापारासाठी बोलिव्हियाला शेजारी देशांच्या बंदरांवर विसंबावे लागते. १९०४ च्या करारानुसार चिलीने बोलिव्हियाला मुक्त वाहतुकीचा हक्क दिला व आरिका–ला पाझ लोहमार्ग बांधला. हा मार्ग १९१३ मध्ये पूर्ण झाला. पूर्वेकडील मालवाहतूक पेराग्वे–पाराना जलमार्गाने होते. समुद्राचा प्रश्न बोलिव्हियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. तथापि याबाबत वाटाघाटी करण्याचे बंधन चिलीवर नाही, असा निकाल १ ऑक्टोबर २०१८ रोजी लागला. तरीही देशात नौदल कायम असून दरवर्षी २३ मार्च रोजी ‘समुद्र दिन’ पाळला जातो.

देशातील पश्चिम व पूर्वेकडील लोहमार्गांची जाळी परस्परांशी जोडलेली नाहीत. त्यामुळे ला पाझ, कोचाबांबा व सांता क्रुझ यांना जोडणारा महामार्ग हाच वाहतुकीचा कणा ठरला आहे. हा मार्ग अडवला की शहरांना होणारा पुरवठा विस्कळीत होतो. म्हणूनच ‘रस्ता रोको’ हे येथील आंदोलनांचे सर्वांत प्रभावी हत्यार बनले आहे.

ला पाझ हे शहर खोल दरीत वसलेले आहे, तर एल आल्तो दरीच्या वरील पठारावर. २०१४ मध्ये सुरू झालेली ‘मी तेलेफेरिको’ ही रज्जुमार्ग सेवा या दोन शहरांना जोडते. दहा मार्गांची ही सेवा ३० किमीहून लांब असून रोजच्या प्रवासासाठी वापरली जाते. एल आल्तो येथील विमानतळ ४,०६१ मीटर उंचीवर आहे.

पाणीपुरवठा हा राजकीयदृष्ट्या संवेदनशील विषय आहे. कोचाबांबा येथील पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे सोपवल्यानंतर दरवाढ झाली. त्याविरुद्ध उसळलेल्या आंदोलनामुळे एप्रिल २००० मध्ये तो करार रद्द करावा लागला. पाण्याचा हक्क मूलभूत असून पाणीसेवांचे खासगीकरण करता येणार नाही, अशी तरतूद पुढे २००९ च्या संविधानात करण्यात आली. २०१६ मध्ये जलाशय आटल्याने ला पाझच्या अनेक भागांत कित्येक आठवडे पाणीकपात झाली होती.