मोतीबिंदूची शस्त्रक्रिया : आधी, त्या दिवशी आणि नंतर

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. आपल्याकडे दवाखान्यात तेलुगूत याला ‘शुक्लम’ व हिंदी-उर्दूत ‘मोतिया’ म्हणतात. हे शब्द कानावर आले तर गोंधळू नये. थेंबांनी किंवा गोळ्यांनी तो जात नाही, शस्त्रक्रिया हाच उपाय.

“पिकला की काढू” ही समजूत आपल्या ज्येष्ठांच्या मनातून अजून गेलेली नाही. पूर्वी भिंग काढून जाड काचांचा चष्मा देत, तेव्हा वाट पाहण्यात अर्थ होता. आता फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि काढणे उलट अवघड जाते. वाचन, स्वयंपाक किंवा रात्री जिना उतरणे जड जाऊ लागले की दाखवावे. अंबरपेठेतून मेहदीपट्टणमचे सरकारी सरोजिनीदेवी नेत्र रुग्णालय किंवा बंजारा हिल्सची १९८७ पासूनची एल. व्ही. प्रसाद संस्था गाठता येते. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यावर या संस्थेत मोफत उपचार होतात. तेव्हा पैशांपायी कोणी अंधारात बसू नये.

आधी डोळ्याची मोजणी करून भिंगाचा नंबर ठरवतात. रक्तातील साखर व रक्तदाब तपासतात. घेत असलेली सर्व औषधे सांगावीत. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या पुरुषांनी तर आवर्जून सांगावे, कारण त्या गोळीने शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली नीट मोठी राहत नाही. गोळी बंद केली तरी हा परिणाम राहू शकतो, म्हणून लपवून उपयोग नाही. रक्त पातळ करणारी गोळी मनाने थांबवू नये.

लोक ‘लेसरने काढला’ म्हणतात, पण बहुतेक ठिकाणी होते ते फेको. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात आणि घडीचे कृत्रिम भिंग बसवतात. अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ही पद्धत आणली. कडक मोतीबिंदूसाठी थोड्या मोठ्या छेदाची, बिनटाक्याची पद्धतही चांगली आहे. तिला कमी लेखू नये. भूल थेंबांची किंवा इंजेक्शनची असते. रुग्ण जागा असतो, उजेड दिसतो, पाणी जाणवते. साधारण अर्ध्या तासात सारे आटोपते व त्याच दिवशी घरी सोडतात.

साध्या भिंगाने बहुधा लांबचे नीट दिसते, वाचायला चष्मा लागतो. बहुकेंद्री भिंगाने चष्मा कमी होतो, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. मधुमेहाने पडदा खराब असेल तर भिंग कितीही महाग घेतले तरी नजर पूर्ण येत नाही. हे आधीच विचारून घ्यावे.

नंतर सुमारे महिनाभर थेंब घालायचे. डोळा चोळू नये, डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून पाणी घेऊ नये. थोडे खुपणे चालते. मात्र दुखणे वाढले, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जावे. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर काही तासांचा उशीरही डोळा घालवू शकतो.

काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसले तर मोतीबिंदू परतलेला नसतो, भिंगामागचे पातळ आवरण गढूळ झालेले असू शकते. ते खऱ्याखुऱ्या लेसरने, बाह्यरुग्ण विभागातच, काही मिनिटांत मोकळे करतात.