शिवी हा डाव नव्हे

युद्धकलांच्या चर्चेत अपमानाच्या भाषेला आवर घालू नये, असे मत आज प्रबळ आहे. ते मांडणारे बहुतेक जण स्वतः घाम गाळलेले लोक आहेत. त्यामुळे त्यांचा पूर्वपक्ष आधी त्यांच्याच ताकदीने मांडला पाहिजे.

ते म्हणतात, ज्याला ठोसा सोसतो त्याला शब्द का सोसू नये? शिवाय या क्षेत्रात भोंदू फार. हात न लावता माणूस पाडल्याचे दाखवणारे ‘गुरू’ सभ्यतेच्या आडोशाला सुखरूप राहतात. कडक बोलण्यावर बंदी आली की त्यांचेच फावते. चर्चेच्या ऑनलाइन गटांत भाषेवर लक्ष ठेवणारा ॲडमिनही कुठल्या ना कुठल्या शैलीचा अभिमानी असतो. नियम दाखवून तो विरोधकांचीच तोंडे बंद करतो. साक्षीला ते मोहम्मद अलीला उभे करतात. तोंडाने लढणारा एवढा मोठा लढवय्या होऊन गेला, मग हा सोवळेपणा कशाला?

पहिल्या मुद्द्याला उत्तर द्यायला युद्धकलांचेच नियम पुरेसे आहेत. मिश्र युद्धकलेइतका मोकळा खेळ दुसरा नाही. गुडघा, कोपर, गळा आवळणे, सांधा पिळणे हे सारे तिथे चालते. तरीही त्या खेळाच्या सामायिक नियमावलीत पिंजऱ्यातल्या शिवीगाळीची नोंद ‘फाउल’ म्हणून आहे. ज्यूदोतही प्रतिस्पर्ध्याला वा पंचाला हिणवणारा शब्द किंवा हावभाव शिक्षेला पात्र ठरतो. आपल्या लाल मातीत सलामी आणि हात मिळवल्यावाचून कुस्ती लागत नाही. हे नियम नाजूक माणसांसाठी आहेत काय? हाडे मोडण्याची विद्या जाणणाऱ्यांनाच ते लागू आहेत. शरीराला एवढी मोकळीक द्यायची तर जिभेला लगाम हवा, हेच ते सांगतात. प्रत्यक्ष लढतीत जे चालत नाही, ते लढतीविषयीच्या चर्चेत का चालावे?

दुसरा मुद्दा वजनदार आहे. त्याच्यासाठी अलीकडचा सर्वांत बोलका दाखला घेऊ. बीजिंगचा मिश्र युद्धकलेचा प्रशिक्षक शू शियाओडोंग याने एप्रिल 2017 मध्ये चेंगडू इथे ताई-चीचा गुरू म्हणवणाऱ्या वेई लेईला वीसएक सेकंदांत खाली पाडले. चित्रफीत जगभर गेली. भोंदूपणा उघडा पडला, आणि तो पडायलाच हवा होता. पण तो पाडला कशाने? त्या वीस सेकंदांनी. शूने त्यापूर्वी आणि नंतर जी जहरी भाषा वापरली, तिने वेई लेईचा एकही दावा खोटा ठरवला नाही.

पुढे काय झाले तेही पाहावे. चेन शैलीच्या ताई-चीतले ज्येष्ठ चेन शियाओवांग यांच्याबद्दल शूने अवमानकारक शब्द वापरले. त्यांनी बदनामीचा दावा लावला. 2019 मध्ये न्यायालयाने शूला जाहीर माफी मागायला लावली. त्याची पत खालावली आणि वेगवान रेल्वेचे तिकीट काढणेही त्याला अशक्य झाले. चिनी व्यवस्थेने त्याला एरवीही छळलेच असते, असे कुणी म्हणेल. ते खरेच आहे, त्याची समाजमाध्यमांवरची खाती आधीपासूनच बंद केली जात होती. शिक्षा अन्याय्य होती, असेही मी मानतो. पण न्यायालयात उभा राहिलेला खटला चेंगडूच्या लढतीवर नव्हता. तो शब्दांवर होता. ते वीस सेकंद कुणालाही खोडून काढता आले नाहीत. शिव्या मात्र पुरावा म्हणून त्याच्याचविरुद्ध वापरता आल्या. म्हणजे ज्या शस्त्राने भोंदू मरतो असे पूर्वपक्ष सांगतो, तेच शस्त्र भोंदूंच्या पाठीराख्यांच्या हाती गेले.

इथे आव्हान आणि अपमान यांतला भेद लक्षात घ्यावा. पूर्वपक्ष तो पुसून टाकतो आणि त्याची सारी गफलत तिथेच आहे. “तुमचा हा डाव प्रतिकार करणाऱ्या माणसावर चालत नाही, चालत असेल तर कोणावर, कोणत्या नियमांनी, करून दाखवा.” हे वाक्य कठोर आहे, पण त्यात अपमान नाही. भोंदूला खरी भीती याच वाक्याची. “तुझी लायकी काय, तुझ्या गुरूची लायकी काय,” या वाक्याची त्याला भीती नसते. त्यावर तो दुखावल्याचे सोंग करतो, शिष्य त्याच्याभोवती गोळा होतात आणि डावाचा प्रश्न बाजूला पडतो. शिवीने त्याची सुटका केलेली असते.

आव्हानाचा दाखला म्हणून ब्राझिली जुजुत्सूच्या ग्रेसी घराण्याकडे पाहावे. त्यांची भाषा सौम्य नव्हती. उघड आव्हाने देतच ते वाढले. ऑक्टोबर 1951 मध्ये रिओच्या माराकाना मैदानात हेलिओ ग्रेसी आणि जपानचा ज्यूदोपटू मासाहिको किमुरा यांची लढत झाली. किमुराने हेलिओचा हात पिळून मोडला. हेलिओने तोंडाने हार मानली नाही, त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला. त्यानंतर ब्राझिली जुजुत्सूत त्या पकडीला नाव मिळाले ‘किमुरा’. आज जगभर पोरे रोज संध्याकाळी तो डाव जिंकणाऱ्याच्या नावाने घोटतात. पराभूत परंपरेने विजेत्याला हिणवण्यात शक्ती घालवली असती, तर हा डाव त्यांच्याकडे कसा टिकला असता?

आता अली. त्याच्या जिभेने तिकिटे खपली, हे मान्य. पण तिकिटे खपवणे आणि सत्य शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. अलीवर बंदी असताना त्याचा परवाना परत मिळावा म्हणून त्याचा प्रतिस्पर्धी मुष्टियोद्धा जो फ्रेझर याने शब्द टाकला होता. त्याच फ्रेझरला अलीने 1975 च्या मनिलातील लढतीआधी ‘गोरिला’ म्हटले. फ्रेझरने तो सल कित्येक दशके उराशी बाळगला. 2001 मध्ये खुद्द अलीने त्या शब्दांबद्दल माफी मागितली. पूर्वपक्षाचा मुख्य साक्षीदारच उलटला. आणखी दाखला हवा असेल तर मिश्र युद्धकलेतली मॅकग्रेगर आणि खबीब यांची 6 ऑक्टोबर 2018 ची लढत आहे. मॅकग्रेगरने महिनोन्‌महिने खबीबचा धर्म, बाप आणि देश यांवर तोंड सोडले होते. खबीबने चौथ्या फेरीत त्याची मान आवळून लढत जिंकली आणि मग कठड्यावरून उडी घेऊन त्याच्या साथीदारावर धावला. नेवाडाच्या आयोगाने खबीबला नऊ महिने बंदी व पाच लाख डॉलर दंड केला. मॅकग्रेगरला सहा महिने बंदी व पन्नास हजार डॉलर दंड झाला. खबीबच्या कुस्तीने त्या रात्री काय साधले, हा अभ्यासण्याजोगा विषय होता. चर्चा मात्र दंग्याचीच झाली.

पक्षपाती ॲडमिनची तक्रार खरी आहे. पण पंच पक्षपाती निघाला म्हणून कुणी पंचाविना कुस्ती लावत नाही. नियम आधी सांगावेत, ते स्वतःच्या शैलीवाल्यालाही लावावेत आणि शब्द काढताना त्यातला प्रश्न राखावा. एवढी अट ॲडमिनवर घालण्याचा आपल्याला हक्क आहे.

माती की गादी, हा वाद आपल्याकडेही जुना आहे. महाराष्ट्र केसरीने तो कसा हाताळला? माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अंतिम लढतीत एकमेकांपुढे उभे केले. पूर्वपक्षानेही तसाच एक दाखला समोर ठेवावा, जिथे एखाद्या डावाचा खरेखोटेपणा शिवीने ठरला. एकच पुरे. वाचकांनी तो तपासावा आणि निकाल द्यावा.