अनवाणी पाय आणि सात नंबरचा बूट

गेल्या उन्हाळ्यात पोलीस भरतीची तयारी करणारी आमच्या मिरजगावची एक मुलगी सकाळी रस्त्यात थांबली. म्हणाली, ‘‘काका, तुम्ही जुनं काहीबाही शोधत असता. मला एवढं सांगा, पळायला कोणता बूट घेऊ?’’ वडिलांनी कांद्याच्या पट्टीतून तीन हजार बाजूला काढले होते. दुकानदार पाच हजारांखाली बोलत नव्हता.

प्रश्न मला झोंबला. पस्तीस वर्षांपूर्वी एका भरतीत मीही मित्राचे बूट उसने घेऊन धावलो होतो. एक नंबर मोठे. तिसऱ्या फेरीत टाच सोलली आणि माझी भरती तिथेच संपली. आपल्याकडचा धावणारा माणूस बुटापर्यंत कसा आला, हे तेव्हापासून शोधायचे राहिले होते.

सुरुवात पुण्यात सापडते. पहिल्या महायुद्धानंतर डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहायला अध्यक्ष दोराबजी टाटा हजर होते. सुमारे पंचवीस मैलांच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरे खडीच्या कडक रस्त्यावर अनवाणी धावत होती. ना शिक्षण, ना सराव. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या होत्या. दोराबजींनी पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्रातून हे कळवले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला तो या अनुभवातून. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावे आले. विजेता फिनलंडचा हॅनेस कोलेमाइनेन त्यांच्यापुढे अठरा मिनिटे होता.

म्हणून अनवाणी धावणेच खरे, असे म्हणायचे का? नाही. त्या पोरांनी अनवाणी पाय निवडले नव्हते. पायात घालायला काही नव्हते. बाभळीच्या काट्याचे कौतुक ज्याच्या पायात तो मोडला नाही, त्यानेच करावे. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचा दाखला नेहमी देतात. १९६० साली रोमला तो अनवाणी धावला आणि जिंकला. पण तो अनवाणी उतरला, कारण मिळालेले बूट पायाला नीट बसेनात. १९६४ मध्ये टोकियोला तोच बूट घालून धावला आणि तिथेही जिंकला, रोमपेक्षा तीन मिनिटे लवकर. बसत नसलेला बूट टाकावा आणि बसणारा घालावा, एवढाच त्याचा धडा.

हे ‘बसणे’ आपल्या गावगाड्याला ठाऊक होते. चर्मकाराच्या पुढ्यात पाय ठेवायचा, तो माप घ्यायचा, त्या पायाची वहाण त्या पायासाठीच व्हायची. नवी वहाण चावली, तर तेल लावून मऊ करायची. १९३० च्या दशकात बाटाने बंगालमध्ये कारखाना काढला. कॅनव्हासचा बूट हळूहळू शाळेच्या कवायतीपर्यंत आला आणि मापाची जागा नंबराने घेतली. हा नंबर इंग्रजी जवाच्या दाण्यावरून ठरलेला आहे. एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटर. सात आणि आठच्या मधला पाय असलेल्याने काय करावे? माझी टाच त्याच फटीत सोलली गेली.

दुकानात आता पायाची कमान पाहून बूट सुचवतात. पाय आत झुकतो, म्हणून जास्त आधाराचा आणि जास्त किमतीचा. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिले गेले. ज्यांचे पाय आत झुकत होते, त्यांना त्यामुळे जास्त इजा झाल्या नाहीत. अमेरिकन सैन्यातही कमान पाहून बूट वाटल्याने इजा घटल्या नाहीत. जैवयांत्रिकीचे अभ्यासक बेन्नो निग यांचे म्हणणे साधे आहे: घातल्याबरोबर पायाला जो बरा वाटतो, तो घ्या. आपला चर्मकार हेच विचारायचा, ‘‘चावत तर नाही ना?’’

सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच धावायची. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. आमच्या शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर शर्यतींकडे वळला. २०२२ साली बर्मिंगहॅमला त्याने ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक जिंकले. दोघांचेही पाय आधी तयार झाले, बूट नंतर आले.

मी त्या मुलीला इतकेच सांगितले: संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. धावताना घालतेस तेच मोजे घाल. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेव, टाच मात्र उचलली जाता कामा नये. दुकानात चार पावले पळून बघ. आणि नवा बूट भरतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नको, आधी दोन-तीन आठवडे मुरव.

ती दिवेलागणीला दुकानात गेली. तीन हजारांच्या आतलाच बूट आणला. ८०० मीटरचा सराव त्यातच चालू आहे. हा लेख छापायला जाईपर्यंत भरतीची तारीख आलेली नाही. टाच अजून सोललेली नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतले.