अंधाऱ्या लेण्यातला सम प्रकाश

1939 साली वाशिम येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट उजेडात आले. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्म येथून, म्हणजे आजच्या वाशिमहून, राज्य करीत होती हे त्यावरून स्पष्ट झाले. या माहितीच्या प्रकाशात वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेख पुन्हा वाचला व 1941 साली प्रसिद्ध केला. हे लेणे याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरवून घेतले. वाशिमपासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या या भिंती म्हणजे वत्सगुल्माच्या वैभवाची चित्रे जपणारी वहीच होय.

पण ही वही वाचायची कशी? लेण्याचे दालन सुमारे 20 मीटर लांब-रुंद असून त्यात 20 खांब आहेत. उजेड येतो तो फक्त दर्शनी बाजूच्या दारांतून आणि खिडक्यांतून. रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून वर्षानुवर्षे खपून येथील चित्रांच्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळशा 1885 साली लंडनमध्येच आगीत गेल्या. दरम्यान मूळ चित्रांचे पोपडे गळतच होते. म्हणून छायाचित्राला महत्त्व आले. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांचा अजिंठ्यावरील ग्रंथ 1930 ते 1955 या काळात चार भागांत निघाला, तो छायाचित्रांवरच आधारलेला होता.

येथेच प्रकाशाचा प्रश्न उभा राहतो. छायाचित्रात भिंतीचा कोपरा काळा दिसला, तर तो चित्रकाराने छायेसाठी गडद केला, धुराने काळवंडला, की दिव्याचा उजेडच तेथवर पोचला नाही? भिंत सर्वत्र सारखी उजळलेली नसेल, तर याचे उत्तर छायाचित्रावरून मिळत नाही, आणि मूळ रंग एकदा गळला की ते कधीच मिळणार नाही.

अंधारात छायाचित्र घेण्याची धडपड जुनी आहे. पॅरिसच्या नादार यांनी 1861 च्या सुमारास तेथील भूमिगत अस्थिगृहांची छायाचित्रे बॅटऱ्यांवर चालणारा विद्युत्‌-कमानीचा दिवा व परावर्तक वापरून घेतली. एकेका छायाचित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. तितका वेळ माणूस निश्चल राहीना, म्हणून मजुरांच्या जागी पुतळे उभे केले. 1865 साली पियाझी स्मिथ यांनी मॅग्नेशियमची तार जाळून गीझाच्या पिरॅमिडचा अंतर्भाग टिपला. 1887 साली जर्मनीत झगझगाटी पूड आली. तिचा उजेड क्षणात पडे, पण धूर दालनभर कोंडे. 1930 च्या आसपास काचेच्या फुग्यात बंद केलेला फ्लॅशबल्ब आला, आणि त्याच सुमारास अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायूच्या नळीतून विजेचा झोत सोडून पुनःपुन्हा वापरता येणारा फ्लॅश सिद्ध केला. हातात वागवता येणारी फ्लॅशगन ही त्याचीच वंशज.

दिवा प्रखर झाला, लहान झाला. पण तेवढ्याने प्रकाश सम झाला नाही. त्याचे कारण साध्या भूमितीत आहे. उघडा दिवा भिंतीपासून 2 मीटरवर ठेवा. त्याच्या अगदी समोरच्या बिंदूवर पडणारा प्रकाश 100 मानू. तेथून 2 मीटर बाजूला असलेला बिंदू दिव्यापासून 2.83 मीटरवर आहे. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणामुळे प्रकाश 50 होतो, आणि किरण तिरपे पडत असल्याने तो आणखी घटून 35 उरतो. दिवा 4 मीटरवर नेला तर कडेला मध्याच्या सुमारे 72 टक्के प्रकाश मिळतो, पण मध्यावरचा प्रकाशच चौथा हिस्सा झालेला असतो. समता हवी असेल तर प्रखरतेची किंमत द्यावी लागते.

परावर्तकाचे काम हाच सौदा नीट जुळवण्याचे. खोल, चकचकीत वाटी किरण एकवटते. दूरवर उजेड जातो, पण मध्यभागी डाग पडतो. उथळ, निस्तेज पांढरी वाटी किरण पसरवते. नेहमीच्या फ्लॅशगनची वाटी 35 मिलिमीटरच्या भिंगाला दिसणाऱ्या सुमारे 54 अंशांच्या रुंदीला पुरते. त्यावर 28 मिलिमीटरचे भिंग लावले तर त्याला 65 अंश दिसतात आणि कडा काळ्या येतात. म्हणून वाटी भिंगापेक्षा थोडा अधिक कोन व्यापणारी निवडावी, किंवा फ्लॅश पांढऱ्या छत्रीवर सोडून परतलेला प्रकाश घ्यावा. छत्रीमुळे बिंदूएवढा उगम मोठ्या पृष्ठाएवढा होतो. सपाट चित्रासाठी दोन सारखे दिवे, सारख्या वाट्या लावून, दोन्ही बाजूंनी सुमारे 45 अंशांत ठेवतात आणि प्रत्येक दिवा चित्राच्या दूरच्या कडेवर रोखतात. जवळच्या कडेला मग झोताची फिकी बाजू मिळते व हिशेब जुळतो.

आरशाने ऊन आत वळवून पांढऱ्या कापडावर घेण्याची लेण्यांतील वाटाड्यांची युक्ती याच तत्त्वावर चाले. आरसा प्रकाश आणतो, कापड तो पसरवतो.

आज अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. हजारो प्रेक्षकांचे झोत रोज रंगांवर पडू नयेत हे योग्यच. बिनॉय बेहल यांनी 1991 पासून तेथील चित्रे अतिशय मंद प्रकाशात, दीर्घ काळ भिंग उघडे ठेवून टिपली. दिवा सौम्य झाला, पण समतेचा नियम तोच राहिला.

वर्गात याचा पडताळा सोपा आहे. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा. आधी विजेरीचा झोत थेट टाका, मग तोच पांढऱ्या पुठ्ठ्यावरून परतवा, आणि दोन्ही वेळा कोपऱ्यातली अक्षरे वाचून पाहा. पुढे वाशिम, कारंजा किंवा शिरपूरच्या एखाद्या जुन्या दगडी वास्तूची नोंद विद्यार्थ्यांनी परवानगीने करावी. रंगकाम असेल तेथे फ्लॅश टाळावा. प्रत्येक छायाचित्राखाली तारीख लिहितो, तसे दिवा कोठे होता, कशावरून परतवला होता, हेही लिहावे. पन्नास वर्षांनी ते पाहणाऱ्याला सावली दगडाची की दिव्याची, हे त्यावरून कळेल.