मेंदीचे झुडूप आणि आपले हात



श्रावण जवळ आला की मेंदीची आठवण होते. पण आठवतात ती तिची पाने. कुंपणाची मेंदी न छाटता वाढू दिली, तर तिला बारीक, पांढुरक्या फुलांचे तुरे येतात आणि त्यांचा सुवास अंगणभर दरवळतो. बायबलातील ‘गीतरत्न’ या प्राचीन काव्यात प्रियकराला मेंदीच्या फुलांच्या झुबक्याची उपमा दिलेली आहे. कनोजचे अत्तरवाले ही फुले तांब्याच्या डेगीत उकळून त्यांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवितात. त्यालाच ‘गुलहिना’ म्हणतात.

या झुडपाचा इतिहास आपल्या पुण्यातच लिहिला गेला, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४७ साली मेंदीवर निबंध प्रसिद्ध केला. इ. स. पूर्व २००० ते इ. स. १८५० एवढा काळ त्यांनी त्यात घेतला आहे. प्राचीन इजिप्तमधील काही ममींच्या केसांवर मेंदीचा रंग आढळला आहे. आपल्या वैद्यकग्रंथांतील ‘मदयंतिका’ म्हणजे मेंदीच, असे अनेक वैद्य मानतात.

जुन्या काळी मेंदी केवळ शृंगाराची वस्तू नव्हती. उन्हाळ्यात तळपायांची आग होऊ लागली की वाटलेली पाने तळव्यांना थापीत. म्हातारे पुरुष दाढीला लावीत, घोड्यांच्या आयाळीसुद्धा रंगवीत.

हा रंग येतो पानांतील लॉसोन नावाच्या द्रव्यामुळे. ते कातडीत, केसांत व नखांत मुरते आणि एकदोन दिवसांत केशरी रंग गडद तांबडा होतो. नवऱ्याच्या प्रेमाशी त्याचा काही संबंध नाही! मात्र शुद्ध मेंदी काळीभोर रंगत नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून जी विकतात, तीत बहुधा केस काळे करण्याचे रसायन असते. त्याने हाताला फोड येतात. मुलींना ती लावू नये.

आता मनातले सांगते. माझी एक आत्या लहान वयातच विधवा झाली होती. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आम्हा सगळ्या पोरींची मेंदी पाट्यावर तीच वाटायची. वाटताना तिची बोटे आपोआप रंगत. मग ती न्हाणीघरात जाऊन राखेने हात घासघासून धुवी. रंग काही जात नसे. पुढे आठ दिवस, कोणी आले की ती हात पदराखाली घेई. आम्हांला तेव्हा त्याचे हसू येई. आज त्या हसण्याची लाज वाटते.

सहस्रावधी वर्षे हे झुडूप म्हाताऱ्याची दाढी रंगवीत आले, तापलेले तळवे निववीत आले. कोणाचा हात रंगवावा आणि कोणाचा नाही, हा भेद त्याने केला नाही. तो आपण केला. मंगळसूत्र पाहून मग मेंदी पुढे करण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे.

यंदा श्रावणात मंडळात मेंदी भिजेल, तेव्हा वाटी सर्वांपुढे फिरावी. आणि जी भगिनी सवयीने हात मागे घेईल, तिच्याजवळ आपल्यापैकी एकीने जाऊन बसावे व तिचा हात आपल्या हाती घ्यावा.