जमिनीतून येणारा आवाज : कंपनशास्त्र काय सांगते

किल्लारी परिसरात १९९२ च्या उत्तरार्धात जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला. बारीक धक्केही बसू लागले. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. तेव्हापासून मराठवाड्यात जमीन नुसती गुरगुरली तरी लोक घराबाहेर धावतात. २००७-०८ मध्ये नांदेड शहरात हे घडले, सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरीत. 'गूढ आवाज' हा आम्हा वृत्तपत्रवाल्यांचा लाडका शब्द. प्रत्यक्षात त्यात गूढ फारसे नाही.

खडक तुटताच प्रथम पोहोचते ती प्राथमिक लहर. ध्वनीप्रमाणेच ती माध्यमाला दाबत व सैल करत पुढे सरकते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर कठीण खडकात ही लहर सेकंदाला काही किलोमीटर धावते. ती पृष्ठभागी आली की जमीन ढोलाच्या पानासारखी हवा हलवते. मात्र सेकंदाला साधारण २० पेक्षा अधिक वेळा झालेले कंपनच कानाला ऐकू येते. दूरच्या मोठ्या भूकंपाची कंपने संथ असतात. जवळच्या, उथळ व लहान धक्क्यात जलद कंपने पुष्कळ असतात. यंत्रांची कंपने अभ्यासणारे अभियंते ज्याला अवमंदन म्हणतात, त्यामुळे ही जलद कंपने वाटेतच विरतात. मऊ गाळात लवकर, कठीण खडकात उशिरा. मराठवाड्यात काळ्या मातीखाली बेसॉल्ट आहे. म्हणूनच धक्का जेमतेम जाणवतो, पण आवाज सुरुंगासारखा येतो.

अर्थात प्रत्येक आवाज भूकंपाचा नसतो. १५ फेब्रुवारी २०२३ रोजी लातूरच्या विवेकानंद चौक परिसरात असाच आवाज झाला. भूकंपमापकावर हालचालीची नोंद नव्हती. निवाडा यंत्राने करायचा, कानाने नव्हे. शिवाय आवाजावरून पुढे मोठा भूकंप येईल की नाही, हे सांगता येत नाही. बहुतेक वेळा असे धक्के आपोआप थांबतात. किल्लारीत तसे झाले नाही.

किल्लारीत माणसे मेली ती मुख्यत्वे घरांखाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांचे माळवद. उन्हाळ्यात ही घरे गार राहत, हा त्यांचा मोठा गुण. पण जमीन हादरली की छपराचे वजन जितके अधिक, तितके भिंतींवर येणारे आडवे बल अधिक. आणि चिखलात रचलेल्या दगडांना एकमेकांशी धरून ठेवणारे काहीच नव्हते.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेडलाही जाणवला. त्यानंतर प्रशासनाने केलेले आवाहन साधेच होते : पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर ठेवलेले दगड खाली उतरवा.